मणके जुळले, मज्जारज्जूचे काय? ट्रॉमा आणि मणका-शस्त्रक्रिया विभागांच्या प्रमुखांना खुले पत्र

ट्रॉमा, अस्थिरोग आणि मेंदू-मणका शस्त्रक्रिया विभागांच्या प्रमुखांना,

सादर नमस्कार.

मानेला मार लागून हातापायांतली ताकद गेलेला रुग्ण आपल्याकडे काही दिवस किंवा काही आठवडे असतो आणि मग आमच्याकडे, पुनर्वसन विभागात येतो. सोबत एक फाइल येते. तिच्यात एमआरआय असतो, प्लेट आणि स्क्रू दाखवणारे एक्स-रे असतात, शस्त्रक्रियेचा तपशील आणि गोळ्यांची यादी असते. जे नसते, त्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. गुदद्वाराजवळ संवेदना होती का, ७२ तासांनी कोणत्या स्नायूत किती ताकद होती, मूत्राशय किती तासांनी रिकामे करायचे, रक्तदाब अचानक चढला तर घरच्यांनी आधी काय पाहायचे, हे त्या कागदांत बहुतेकदा सापडत नाही. मणका बसवण्याचे काम आपण उत्तम करता. पण रुग्णाचे पुढचे आयुष्य हाडावर नव्हे, हाडाच्या आतल्या मज्जारज्जूवर ठरते. म्हणून आमची मागणी अशी आहे: मानेच्या इजेचा रुग्ण आपल्या विभागातून बाहेर पडण्यापूर्वी त्याच्या मज्जारज्जूची नोंद पूर्ण झालेली असावी आणि त्याला सांभाळणाऱ्यांचे शिक्षणही पूर्ण झालेले असावे.

पत्र खुले आहे, नातेवाईकही ते वाचतील. त्यामुळे आपल्याला पाठ असलेल्या काही गोष्टीही सांगत आहोत.

मानेत मणके ७, पण मानेतल्या मज्जारज्जूतून चेतांच्या (नसांच्या) ८ जोड्या निघतात. पहिल्या सात जोड्या आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी सातव्या मणक्याच्या खालून. म्हणूनच मोडलेल्या मणक्याचा आकडा आणि मज्जारज्जूच्या इजेच्या पातळीचा आकडा एकच असेल असे नाही. तरीही डिस्चार्ज कार्डावर ‘सी-५ फ्रॅक्चर’ (‘सी’ म्हणजे मानेचा, पुढे येणारा ‘टी’ म्हणजे छातीचा) असे असले की पुढे ‘सी-५ पातळीचा पक्षाघात’ असेच लिहिलेले आढळते. दोन्ही बाजूंची संवेदना आणि ताकद शाबूत असलेली सर्वांत खालची पातळी म्हणजे चेतापातळी. ती एक्स-रेवरून कळत नाही, हाताने तपासूनच कळते. आणि सी-५ की सी-६ एवढ्या फरकावर माणूस मनगटाच्या जोरावर पेला धरू शकेल की नाही, हे ठरते.

कण्याच्या ज्या नळीतून मज्जारज्जू जातो ती मानेच्या मधल्या भागात पुढून मागे साधारण १७ मि.मी. रुंद असते आणि रज्जू त्यातली सुमारे निम्मी जागा व्यापतो. उरलेली जागा वयाबरोबर कमी होत जाते. हाडाचे काटे वाढतात, मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) बाहेर येतात, मागचा अस्थिबंध जाड होतो. नळी १३ मि.मी.च्या खाली आली की साध्या झटक्यालाही रज्जूकडे हलायला जागा उरत नाही. साठी-सत्तरीतला माणूस घरातच तोंडावर पडतो, कपाळ आपटते, मान मागे वाकते आणि रज्जू पुढून काट्याने, मागून अस्थिबंधाच्या घडीने चिमटला जातो. हाड कुठेही मोडलेले नसते. पाय बऱ्यापैकी चालतात, हात मात्र लुळे पडतात, बोटांना सदऱ्याचे बटण लावता येत नाही. मध्यरज्जू इजेचे हे ठळक चित्र आहे. ‘एक्स-रे नॉर्मल, मुका मार’ असे लिहून अशा रुग्णाला घरी पाठवले जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, कारण तो चालत आलेला असतो. पडल्यानंतर हातांची आग होते, मुंग्या येतात, पकड सैल पडली आहे, असे वृद्ध माणूस सांगत असेल तर मानेचा एमआरआय झाल्याशिवाय त्याला सोडू नये.

उलट दिशेची चूकही नेहमीची आहे. साध्या एक्स-रेत खांद्यांच्या सावलीमुळे सातवा मणका आणि छातीचा पहिला मणका यांचा सांधा दिसत नाही आणि त्याच जागची इजा सुटते. जोखमीच्या रुग्णात पहिली तपासणी सीटी हीच असावी.

अपघाताच्या जागेबद्दल थोडक्यात. डोके शरीराच्या रेषेत दोन्ही हातांनी धरून ठेवावे. रेषेत आणताना दुखले, अडखळले किंवा मुंग्या वाढल्या तर आहे त्याच स्थितीत थांबावे. श्वासमार्ग उघडताना मान मागे न वाकवता जबडा पुढे ढकलावा. हेल्मेट काढायला दोन माणसे लागतात: एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या बाजू फाकवत ते सरकवायचे. कुशीवर वळवताना आज्ञा डोके धरणाऱ्याची. रुग्णाला ज्या कडक फळीवर (स्पाइन बोर्ड) आणतात ती उचलून नेण्यासाठी आहे, झोपवून ठेवण्यासाठी नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी माकडहाडाच्या जखमांची सुरुवात त्या फळीवर, सीटीच्या टेबलावर आणि शस्त्रक्रियागृहात झालेली असते. खोलवरची इजा कातडीवर दोन-तीन दिवसांनी दिसते, म्हणून तिचा दोष वॉर्डातल्या परिचारिकांवर जातो. रुग्ण आपत्कालीन विभागात आला की तपासणीच्या पहिल्याच वळणात फळी काढून घेण्याचा नियम आपण करावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मज्जारज्जूला इजा दोनदा होते. पहिली आघाताच्या क्षणी: हाड किंवा चकती रज्जूवर आदळते, तंतू ताणले आणि फाटले जातात. ती आपल्या हातात नसते. दुसरी पुढच्या तासांत आणि दिवसांत घडते. रज्जूच्या मधल्या करड्या भागात रक्तस्राव पसरतो, सूज वाढते, रक्तवाहिन्या आपापला दाब सांभाळण्याची क्षमता गमावतात, मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले ग्लुटामेट हे रसायन शेजारच्या धडधाकट पेशींनाही मारते. इजेच्या कडेला अजून जिवंत असलेल्या तंतूंना या काळात दोन गोष्टी लागतात, प्राणवायू आणि रक्तपुरवठा. नेमक्या याच काळात मानेच्या इजेत रक्तदाब पडतो, कारण रक्तवाहिन्यांना आवळून धरणारी सिंपथेटिक यंत्रणा छातीच्या मज्जारज्जूतून निघते आणि तिचा मेंदूशी संपर्क तुटलेला असतो. रक्तदाब कमी, नाडी संथ, त्वचा कोमट: हा चेताजन्य शॉक. रक्तस्रावाच्या शॉकमध्ये नाडी जलद आणि त्वचा गार असते. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात, म्हणून आधी पोट, छाती आणि ओटीपोटातला रक्तस्राव वगळावा लागतो. त्यानंतर मात्र सलाइन ओतत राहिल्याने फुप्फुसात पाणी होते. तिथे नाडी आणि रक्तवाहिन्या दोन्ही सांभाळणारे, नॉरएपिनेफ्रिनसारखे औषध लागते. सरासरी धमनीदाब पहिले ५ ते ७ दिवस ८५ ते ९० मि.मी. पाऱ्याच्या आसपास राखण्याचा प्रघात अनेक वर्षे आहे. आमचे म्हणणे त्या आकड्याहून साधे आहे: शस्त्रक्रियेसाठी नेताना, भूल देताना आणि वॉर्डात हलवताना दाब घसरू देऊ नका आणि घसरला तर त्याची वेळ फाइलमध्ये लिहा. रज्जूवर दाब असेल तर तो २४ तासांच्या आत मोकळा करावा, यावर आज बऱ्यापैकी एकमत आहे. ‘पुढच्या यादीत घेऊ’ हे वाक्य म्हणूनच मानेच्या इजेला लागू होऊ नये. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे मोठे डोस एके काळी सर्रास दिले जात. आता ते नित्याचे उपचार राहिलेले नाहीत. दिले असेल तर मात्रा आणि वेळ लिहावी, इतकेच.

पहिल्या काही दिवसांत सूज वर चढते. दाखल होताना सी-५ असलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी सी-४ होऊ शकतो आणि श्वासपटलाची चेता सी-३, सी-४ आणि सी-५ मधून येते. बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू आधीच निकामी झालेले असतात, त्यामुळे खोकल्यात जोर नसतो, कफ साचतो, फुप्फुसाचा तळ मिटतो. पल्स ऑक्सिमीटरवर ९६ दिसते म्हणून निर्धास्त राहणे घातक आहे, कारण तो आकडा शेवटी पडतो. दर चार-सहा तासांनी व्हायटल कपॅसिटी, म्हणजे खोल श्वास घेऊन जास्तीत जास्त किती हवा बाहेर सोडता येते ते, मोजावी. ती वजनाच्या दर किलोमागे १५ मि.ली.च्या दिशेने घसरत असेल तर श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय दिवसाउजेडी, शांतपणे घ्यावा. रात्री तीन वाजता धावपळीत घालायची वेळ येऊ देऊ नये. आणखी एक गोष्ट वॉर्डात उलटी केली जाते. दम लागला म्हणून रुग्णाला उठवून बसवतात. मानेच्या इजेत पोटाचे स्नायू सैल असल्याने बसल्यावर पोट पुढे ओघळते, श्वासपटल खाली जाते आणि त्याची हालचाल तोकडी पडते. हा रुग्ण आडवा असताना चांगला श्वास घेतो. बसवायचेच असेल तर पोटाला रुंद पट्टा बांधून बसवावे. खोकल्याला मदत करताना दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर ठेवावेत आणि रुग्ण खोकायचा प्रयत्न करेल त्याच क्षणी आत आणि वर ढकलावे. नुकती पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा बरगड्या मोडलेल्या असतील तर हे करू नये. कफ ओढताना नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून पहिल्या आठवड्यांत नाडी वाढवणारे ॲट्रोपिन उशाशी असावे.

तपासणीबद्दल आम्हाला सविस्तर बोलायचे आहे, कारण फाइलमधली सर्वांत मोठी पोकळी तिथे असते.

‘चारही हातपाय लुळे’ ही नोंद नव्हे. मज्जारज्जूच्या इजेची आंतरराष्ट्रीय मोजणी ठरलेली आहे. मानेतून हाताला जाणाऱ्या पाच पातळ्यांचे पाच स्नायू तपासायचे: कोपर वाकवणारा सी-५, मनगट मागे उचलणारा सी-६, कोपर सरळ करणारा सी-७, बोटे मिटणारा सी-८ आणि करंगळी बाहेर नेणारा टी-१. पायांचेही पाच. प्रत्येकाला ० ते ५ गुण, दोन्ही बाजू मिळून १००. संवेदनेसाठी प्रत्येक बाजूला २८ ठिकाणी हलका स्पर्श आणि टाचणी, दोन्ही वेगवेगळे, प्रत्येकी ० ते २ गुण. आणि सर्वांत शेवटी, जे बहुतेकदा राहते, ते गुदद्वार. त्याच्या कडेला कापसाचा स्पर्श आणि टाचणी कळते का, बोट आत घातल्यावर दाब जाणवतो का आणि ‘आवळा’ म्हटल्यावर रुग्णाला आवळता येते का. या चारांपैकी एकही खूण असेल तर इजा अपूर्ण आहे, मग पाय कितीही निर्जीव दिसोत. एकही नसेल तरच ‘ए’, म्हणजे पूर्ण. फक्त संवेदना असेल तर ‘बी’. खाली हालचाल असून पातळीखालच्या निम्म्याहून कमी स्नायूंना ३ किंवा अधिक गुण असतील तर ‘सी’, निम्म्या किंवा अधिक स्नायूंना असतील तर ‘डी’, आणि सगळे पूर्ववत झाले तर ‘ई’.

ही तपासणी संकोचापोटी किंवा घाईत सोडून दिली जाते आणि तिच्याविना कार्डावर ‘पूर्ण इजा’ असे लिहिले जाते. त्या दोन शब्दांवर पुढे बरेच काही ठरते: घरच्यांनी किती आशा ठेवायची, कोणते व्यायाम द्यायचे, विमा काय म्हणतो, पुनर्वसनासाठी किती दिवस मंजूर होतात. गुदद्वाराजवळ टाचणी कळत असेल तर पुढे चालण्याची शक्यता लक्षणीय वाढते. ही माहिती टाचणी आणि हातमोजा यांनी मिळते, कोणत्याही स्कॅनमध्ये मिळत नाही. दाखल होताना तपासणी कराच, पण तेव्हा रुग्ण शुद्धीत नसतो, दारूच्या किंवा औषधाच्या अमलाखाली असतो, वेदनेत असतो. ७२ तासांच्या सुमारास ती पुन्हा करा, कारण भाकितासाठी तीच अधिक भरवशाची असते. आणि डिस्चार्जच्या दिवशी तिसऱ्यांदा. तीनही तक्ते रुग्णासोबत पाठवा. दोन महिन्यांनी आम्हाला मनगटात २ गुण दिसले, तर ते ० वरून आलेत की ३ वरून घसरलेत, हे आधीच्या तक्त्याशिवाय सांगता येत नाही. पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात तातडीचा एमआरआय.

सुरुवातीच्या काळात पातळीखालचे सगळे प्रतिक्षिप्त झटके बंद असतात आणि अंग सैल पडते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ते परत येतात, पाय आपोआप झटकतात, ताठ होतात. घरच्यांना वाटते पाय चालू झाले. ही हालचाल मेंदूच्या आज्ञेने झालेली नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगितले तर पुढची निराशा टळते. पण ते सांगताना ‘आता काही होणार नाही’ असे म्हणू नये, कारण तेही खरे नाही. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, सहा ते नऊ महिन्यांपर्यंत बरीच पुढे जाते आणि दीड-दोन वर्षे हळूहळू चालू राहते. महिनाभराने ज्या स्नायूत १ किंवा २ गुण आहेत तो वर्षाअखेर बहुतेकदा कामाचा होतो. पूर्ण इजेतही हाताची एक पातळी खाली सरकणे नेहमीचे आहे. ‘फक्त एक पातळी’ असे कुणी म्हणू नये. सी-५ चा माणूस सी-६ झाला तर त्याला मनगट उचलता येते आणि त्यातून पकड मिळते. सी-६ चा सी-७ झाला तर कोपर सरळ होते आणि तो पलंगावरून व्हीलचेअरवर स्वतः सरकू शकतो.

मनगटातून मिळणाऱ्या या पकडीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ती वॉर्डात, प्रेमापोटी, नकळत घालवली जाते. सी-६ पातळीच्या रुग्णाला बोटे हलवता येत नाहीत. पण मनगट मागे उचलले की बोटांचे लांब स्नायू ताणले जातात, बोटे आपोआप मिटतात, अंगठा तर्जनीच्या बाजूला टेकतो. मनगट खाली सोडले की बोटे उघडतात. एवढ्यावर माणूस पेला धरतो, कागद उचलतो, दात घासतो. त्यासाठी बोटांचे मिटणारे स्नायू किंचित आखूड राहायला हवेत. नातेवाईक मात्र रोज सकाळ-संध्याकाळ मनगट मागे करून बोटे पूर्ण सरळ ताणतात, ‘हात आखडू नये’ म्हणून. कुणीतरी त्यांना तसे शिकवलेले असते. काही आठवड्यांत ते स्नायू लांबतात आणि पकड जाते. नियम सोपा आहे: मनगट मागे असताना बोटे मिटलेली, मनगट पुढे वाकलेले असताना बोटे सरळ. दोन्ही एकाच वेळी कधीच सरळ ताणायचे नाहीत. बसताना हातावर भार द्यायचा असेल तर तळवा पसरून नाही, बोटे वळवून. सी-५ च्या रुग्णात वेगळी काळजी: कोपर वाकवणारा स्नायू जिवंत आणि सरळ करणारा मेलेला, त्यामुळे कोपर वाकलेल्या स्थितीत आखडते. रात्री कोपर सरळ ठेवावे. आणि कुठल्याही पातळीच्या रुग्णाला हाताला धरून ओढून वर सरकवू नये. त्याचा खांदा स्नायूंविना लटकतो आणि पुढे वर्षानुवर्षे दुखतो. चादरीने, दोघांनी सरकवावे.

कातडीबद्दल आपण म्हणाल हे सर्वांना माहीत आहे. माहीत असते, पण कार्डावर ‘पाठीची काळजी घ्या’ एवढेच असते. किती, कशी, हे नसते. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर नव्हे, ३० अंशांवर, पाठीमागे उशी देऊन, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या हाडावर भार येत नाही. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली. रिंगसारखी गोल उशी वापरू नये, ती कडेचा रक्तपुरवठा दाबते. मानेच्या कॉलरखाली हनुवटी, डोक्याची मागची बाजू आणि गळ्याची हाडे रोज पाहायची, पाहताना एकाने डोके धरून ठेवायचे. दाब काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर मधला वेळ कमी करायचा. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, तिथे हाताला लागणारी ऊब, टणकपणा किंवा मऊ पडलेली जागा शोधावी लागते. व्हीलचेअरवर दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटे भार काढायचा. काही सेकंद उचलून पुन्हा बसण्याने ऊतींत रक्त परत येत नाही.

मूत्राशय. पहिल्या दिवसांत नळी हवीच. पण बरेच रुग्ण तीच नळी घेऊन आमच्याकडे येतात आणि ती कधी काढायची याचा उल्लेख कुठेही नसतो. प्रकृती स्थिरावल्यावर आणि सलाइन बंद झाल्यावर दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून रिकामे करण्याची पद्धत सुरू करता येते. दिवसभरात सुमारे दोन लिटर पाणी, थोडे थोडे, संध्याकाळनंतर कमी. एका वेळी ५०० मि.ली.हून जास्त लघवी निघत असेल तर मधला वेळ घटवायचा. पोट दाबून लघवी काढायला कुणी शिकवू नये. प्रतिक्षिप्त क्रिया परतल्या की मूत्राशय आकुंचन पावताना त्याचे दारही आवळले जाते आणि आतला दाब मूत्रपिंडापर्यंत जातो. म्हणून काही महिन्यांत मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी आणि दरवर्षी मूत्रपिंडांची सोनोग्राफी, असे कार्डावर लिहून द्यावे. हातात पकड नसलेल्या रुग्णाला नळी कोण घालणार, हा प्रश्न डिस्चार्जच्या आधी विचारला पाहिजे. घरात तसे कुणी नसेल तर पोटातून बसवलेली नळी हा मान्य पर्याय आहे, त्यात कुणाची हार नाही. आणि लघवी गढूळ दिसली, एवढ्यावरून प्रतिजैविक देऊ नये. ताप, वाढलेला ताठरपणा, नळीभोवती गळती अशी लक्षणे असतील तरच.

शौचाची वेळ ठरवून घ्यावी, रोज किंवा एक दिवसाआड, जेवणानंतर अर्ध्या तासात, कारण तेव्हा आतडे आपणहून हलते. गुदमार्गात सपोझिटरी (आत ठेवायची औषधी कांडी), मग हातमोजा घातलेले, जेली लावलेले बोट १५ ते २० सेकंद गोल फिरवणे, दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. आठवडाभर काही न करता मग एनिमा, ही पद्धत थांबली पाहिजे.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे सगळे पत्र वाया गेले तरी चालेल, ती.

टी-६ किंवा त्याहून वरच्या इजेत, म्हणजे मानेच्या प्रत्येक मोठ्या इजेत, पातळीखाली काहीतरी खुपले की रक्तदाब झपाट्याने चढू शकतो. तुंबलेले मूत्राशय, मुरगळलेली नळी, साचलेला मळ, कातडीतली जखम, आत वाढलेले नख, घट्ट पट्टा. कळ वर जाते, सिंपथेटिक यंत्रणा खालच्या सगळ्या रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूची ‘थांब’ ही आज्ञा इजेच्या पलीकडे पोहोचत नाही. डोके ठणकते, चेहरा आणि मान लाल होते, घाम फुटतो, नाक चोंदते, अंगावर काटा येतो, नाडी मंदावते. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. फसगत होते ती अशी: मानेच्या इजेनंतर नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० असतो, त्यामुळे आपत्कालीन विभागात १४० दिसला की ‘ठीक आहे’ म्हणून वेदनाशामक देऊन परत पाठवतात. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने वाढ हीच धोक्याची खूण आहे.

करायचे ते याच क्रमाने. रुग्णाला उठवून सरळ बसवा, पाय खाली सोडा. कपडे, पट्टे, मोजे, बूट सैल करा. दर दोन ते पाच मिनिटांनी दाब मोजत राहा. नळी असेल तर ती कुठे मुरगळली, भरली, तुंबली का पाहा. नसेल तर लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली लावून घाला. आराम पडला नाही तर गुदमार्गात लिग्नोकेन जेली घालून दोन मिनिटे थांबा, मग हळूच मळ काढा. जेलीशिवाय बोट घालणे म्हणजे दाब आणखी चढवणे. मग कातडी, नखे, चादरीतल्या घड्या. कारण सापडत नसेल आणि वरचा दाब १५० च्या वर राहत असेल, तर लवकर लागू होणारे आणि लवकर उतरणारे औषध द्यावे. ते औषध नायट्रेट असेल तर देण्यापूर्वी सिल्डेनाफिलसारखी (लिंगताठरतेसाठीची) गोळी २४ तासांत, टॅडालाफिल ४८ तासांत घेतली आहे का ते विचारणे टाळू नये. कारण दूर झाल्यावर दाब कोसळू शकतो, म्हणून पुढचे दोन तास लक्ष ठेवायचे. हा क्रम आणि रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब लिहिलेले एक जाड कागदाचे कार्ड प्रत्येक रुग्णाच्या खिशात असावे. दूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना ते दाखवता येते. गर्भवती रुग्ण असेल तर प्रसूतिकळांनीही हेच घडते, हे तिच्या प्रसूतितज्ज्ञांना कळवावे.

आणखी दोन गोष्टी. पहिली, रुग्णाला पुढे पाठवण्याच्या वेळेबद्दल. इजेच्या जागीच ज्या स्नायूच्या चेतापेशी मेल्या आहेत, त्याला जिवंत शेजाऱ्याची चेता जोडून हात उघडण्याची किंवा मिटण्याची क्षमता देता येते. पण चेता न मिळालेला स्नायू साधारण वर्षभरात जोडण्यापलीकडे जातो. म्हणजे हाताच्या शल्यचिकित्सकांकडे चिठ्ठी सहा महिन्यांच्या आत जायला हवी. स्नायुबंध हलवण्याच्या शस्त्रक्रियेला अशी घाई नसते, ती वर्षांनीही होते. दुसरे, संशोधनाबद्दल. मानेवर त्वचेबाहेरून विद्युत उत्तेजन देत हाताचा व्यायाम केल्यावर जुन्या इजेच्या अनेक रुग्णांची पकड सुधारल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत दिसले. ही खरी आशा आहे, पण तीही मऊ सांधे आणि धड कातडी असलेल्यांच्याच उपयोगाची. स्टेम सेलच्या नावाने पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांना मात्र मज्जारज्जू बरा केल्याचा पुरावा नाही. कुटुंब घर विकायला निघते, त्या आधी हे वाक्य त्यांनी आपल्या तोंडून ऐकायला हवे, कारण आपला शब्द ते मानतात.

वर्षांनी कधी हातात नवी बधिरता आली, नवे दुखणे सुरू झाले, ताकद घटली, तर रज्जूत पाण्याची पोकळी वाढत असू शकते. ‘जुनी इजा आहे’ म्हणून त्या रुग्णाला परतवू नये.

तर आपल्या विभागाने उद्यापासून करावे असे: तीन तारखांचे तपासणी तक्ते, चेतापातळी आणि ए ते ई श्रेणी, नेहमीचा रक्तदाब, कॉलर कधीपर्यंत आणि मानेच्या कोणत्या हालचालींना मनाई, गुठळीविरोधी इंजेक्शन कधी थांबवायचे, मूत्राशय आणि शौचाचे वेळापत्रक, कातडीची डोक्यापासून टाचेपर्यंतची नोंद. घरच्या दोन माणसांनी कूस बदलणे, नळी घालणे, खोकल्याला मदत आणि डिसरिफ्लेक्सियाचा क्रम परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावा आणि तसे झाल्यावरच डिस्चार्जवर सही व्हावी. रुग्णाशी बोलताना त्याच्या नजरेसमोर उभे राहावे. कॉलरमुळे त्याला मान वळवता येत नाही आणि त्याच्याविषयीचे निर्णय पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून नातेवाइकांना सांगितले जातात.

तक्त्याचा कोरा नमुना, डिसरिफ्लेक्सियाचे कार्ड आणि हाताच्या व्यायामाचे चित्रपत्रक आम्ही तयार ठेवले आहे. आपल्या निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना गुदद्वाराच्या तपासणीसह पूर्ण तपासणी शिकवण्यासाठी आम्ही आपल्याकडे यायला तयार आहोत. तीन जणांची तुकडी आणि अर्धा दिवस पुरेल. आपण फक्त वार कळवावा.

आपले,
मज्जारज्जू पुनर्वसनात काम करणारे परिचारक, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि डॉक्टर